उंबऱ्यापर्यंत आलेली कविता

त्या गुरुवारी मी दुपारीच बाजारात गेलो होतो, माईकची वायर आणायला. जुनी वायर आतून कुठेतरी तुटली होती आणि कवी ऐन रंगात आला की स्पीकर खरखरायचा. दुकानदारानं दोन प्रकारच्या वायरी दाखवल्या, मी जाड बघून घेतली, चढावर एकदा थांबून दम खाल्ला आणि पाचच्या सुमारास हमामखान्याचं कुलूप काढलं. एवढंच काम होतं माझं त्या दिवशी.

आमची कवितेची संध्याकाळ जुन्या हमामात, म्हणजे गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, भरायची. हमाम बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आतल्या गरम खोलीत, घुमटाखाली, आम्ही चाळीसेक खुर्च्या मांडायचो. भिंतींतला साबणाचा आणि ओल्या दगडाचा वास काही गेला नव्हता. तिथं उच्चारलेला शब्द लगेच विरायचा नाही, घुमटापर्यंत जाऊन थोडा वेळ तिथंच राहायचा. नवखे कवी त्यानं खूश व्हायचे. दाराशी एक वही असायची. ज्याला वाचायचंय त्यानं नाव लिहायचं आणि पाच मिनिटांत उरकायचं. नावं पुकारणं माझं काम. एकतीस वर्षं मी आमच्या या डोंगरउतारावरच्या केफ गावात घराघरांत जाऊन पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे गावात मला न ओळखणारा कुणी नाही, आणि माझा आवाजही मोठा आहे.

डिसेंबर होता. डोंगरावरून धुकं उतरलं की साडेपाचलाच अंधार पडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी वहीत आठ नावं होती. शाळामास्तर मेहरेझ नेहमीप्रमाणे पहिला. त्याला मी माईकवरूनच सांगितलं, "मास्तर, पाच मिनिटं. माझ्या घड्याळाची, तुमच्या नव्हे." लोक हसले. त्यानं बारा मिनिटं घेतली.

आठवं नाव होतं अम्मार. नुसतंच अम्मार, पुढे काही नाही. शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला. पन्नाशीचा असेल, अंगात तपकिरी लोकरी झगा, त्याची टोपी मागे टाकलेली. चेहरा असा, की आता मला विचाराल तर सांगता यायचा नाही. हातात कागद नव्हता. माईकपासून दोन पावलं मागेच उभा राहिला, तरी आवाज सगळीकडे सारखा पोचला.

*तोटीचं पाणी बर्फागत, तरी ओंजळभर प्यालो मी,*
*भिंतीवरती हात ठेवुनी उतार उतरुन आलो मी...*

अशी बरीच कडवी होती. एक माणूस संध्याकाळचा कुठेतरी चालला आहे. कुठे, ते सांगत नाही. वाटेतली तोटी, भिंत, बंद झालेलं न्हाव्याचं दुकान, एवढंच. पण म्हणायची तऱ्हा अशी की आपणच चालतोय असं वाटावं. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "उरलेलं पुढच्या गुरुवारी," आणि जाऊन बसला. मी खुर्च्या गोळा करताना माझ्या लक्षात आलं की त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते.

पुढच्या गुरुवारी लोक जास्त आले. मेहरेझ कधी नव्हे ते पाच मिनिटांत थांबला, त्यालाही अम्मारला ऐकायचं होतं.

*कोनाड्यातले चाक फिरतसे, ऐकत आत निघालो मी,*
*लिंबाच्या त्या झाडाखाली सावलीमध्ये न्हालो मी...*

तुम्हाला सांगतो, ते घर मी तेव्हाच ओळखलं. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला कोनाडा, त्यात पाण्याचा मीटर, त्याचं चाक किंचित कुरकुरतं, आणि समोर चौकात पिवळ्या लिंबांनी लगडलेलं लिंबाचं झाड. असं घर गावात एकच आहे. एकतीस वर्षं त्या कोनाड्यात मी वाकून पाहिलं होतं. मागच्या आठवड्यातली तोटी, भिंत, न्हाव्याचं दुकान, सगळं मनात जुळलं. मी हळूच दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

ते घर नेजियाचं. नेजिया आमच्यातली सगळ्यात चांगली कवयित्री. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जिभेची तिखट, आणि वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे झालेली तिला खपायची नाही. मेहरेझच्या कवितेत ती खुर्चीवर बोटानं ठेका धरून मोजायची आणि चुकलं की बोट वर करायची. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिची आई, खाल्ती हलूमा, खाल्ती म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून ती वरच्या खोलीत पडून होती, ना बोलणं, ना उठणं.

नेजिया त्या दिवशी ठेका धरत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून अगदी ताठ बसली होती.

संपल्यावर मी अम्मारला दाराशी गाठलं. पाहुणचाराच्या सुरात विचारलं, आपण राहता कुठे, कुणाकडे उतरलात. तो नम्रपणे म्हणाला, "मी अजून वाटेतच आहे, सी लझहर." माझं नाव त्याला ठाऊक असणं यात नवल काही नव्हतं, सगळे मला सी लझहरच म्हणतात, लझहरराव म्हणावं तसं. मग विचारलं, ते लिंबाचं झाड कुठं पाहिलंत? त्यावर तो नुसता हसला, टोपी डोक्यावर ओढली आणि धुक्यात गेला. मागे लिंबाच्या पानांचा वास राहिला, चुरगळल्यावर येतो तसा.

दुसऱ्या दिवशी मी नेजियाकडे गेलो. तिनं पुदिन्याचा चहा केला, पण स्वतः प्यायली नाही. तो माणूस कधी घरी आला नव्हता, ती त्याला ओळखत नव्हती. कुणी मिस्त्री, कुणी गॅसवाला, सगळे तिनं आठवून पाहिले होते. पोलिसांत जाऊ म्हणालो, तर तिनं विचारलं की तक्रार काय लिहायची, एक माणूस कविता म्हणतो म्हणून? मग तिनं मला वर नेलं. खाल्ती हलूमा नेहमी खिडकीकडे तोंड करून असायची. आता मान दाराकडे वळलेली होती. अर्धं अंग लुळं असलेल्या बाईनं मान कशी वळवली कुणास ठाऊक. गुरुवारी रात्रीपासून तिनं अन्न तोंडात घेतलं नव्हतं. श्वास घेताना गळ्यात बारीक आवाज यायचा, कोनाड्यातल्या चाकासारखाच.

मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी कुलूपच लावू. कविता नकोत.

"आणि मग?" नेजिया म्हणाली. "तो म्हणायचा थांबेल, चालायचा थांबेल का? तिथं ऐकते तोवर निदान कुठवर आलाय ते कळतं."

तिसऱ्या गुरुवारी मी वही दाराशी ठेवलीच नाही. नावं तोंडी घेतली, आणि अम्मारनं विचारलं असतं तर यादी भरली म्हणून सांगणार होतो. तो काही विचारायला आला नाही. सातवं नाव संपलं, मी आभार मानायला उभा राहिलो, तेव्हा तो माईकपासून दोन पावलं मागे उभाच होता. लोकांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. मी काय करणार?

*सहावी पायरी हलते, म्हणुनी जरा तिथे हळु झालो मी,*
*कठड्याला धरुनी, दम घेउनी, वरती वरती आलो मी...*

आणि त्याला खरोखर धाप लागली होती. एकेका ओळीनंतर थांबत होता, छाती वरखाली होत होती. घुमटात त्याचा श्वास घुमत राहिला. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, रडकुंडीलाच आली होती ती. सहावी पायरी... नेजियाच्या घरची सहावी पायरी हलते. मी स्वतः तिच्यावरून एकदा घसरलो आहे. त्यानं शेवटची ओळ अगदी हळू म्हटली.

*दिवा मंद अन् श्वासही मंद... उंबऱ्यावरती आलो मी.*

"पुढच्या गुरुवारी संपेल," तो म्हणाला.

त्या आठवड्यात खाल्ती हलूमा फार खालावली. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय म्हणाले. नेजियाला भाऊ नव्हते, मामेबहिणी ट्युनिसला. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. मंगळवारी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर कागद पसरलेले होते. आमच्याकडे जुनी रीत आहे, एका कवीनं कविता म्हटली की दुसरा तिला त्याच वृत्तात, त्याच यमकात उत्तर देतो. नेजिया उत्तर लिहीत होती. अम्मारचा 'मी' तिनं तसाच उचलला होता आणि त्याला आल्या वाटेनं परत नेत होती.

*उंबऱ्यावरुनी पाय फिरवला, खाली खाली आलो मी,*
*सहावी पायरी हलली नाही, इतका हलका झालो मी.*

लिंबाखालून, कोनाड्यापुढून, दाराबाहेर. दाराला बाहेरून कडी. सगळं बिनचूक बसलं होतं. पण शेवटचं कडवं तिला सुचत नव्हतं. तिचं म्हणणं, त्याला नुसता गल्लीत सोडून चालणार नाही, उभा राहील आणि पुन्हा वळेल. त्याला कुठेतरी मुक्काम दिला पाहिजे.

मीच म्हणालो, "जिरीबींचं घर दे."

जिरीबींचं घर गल्लीच्या टोकाला. सगळं कुटुंब वीस वर्षांपूर्वी फ्रान्सला गेलं ते परत आलं नाही. त्या घराचं पाणी मी माझ्या हातानं तोडलं होतं आणि नळाला सील लावलं होतं. रिकामं घर, कुणाचं काय बिघडणार? कडवंही मीच जुळवलं. आयुष्यात मी वृत्तात लिहिलेल्या त्या दोनच ओळी. नेजियानं बोटावर मात्रा मोजल्या आणि माझ्या ओळींवर तिचं बोट वर झालं नाही.

चौथ्या गुरुवारी मी पहिलंच नाव नेजियाचं पुकारलं. अम्मार शेवटच्या रांगेत बसलेला होता. बाहेर धुकं इतकं की घुमटातल्या काचा पांढऱ्या दिसत होत्या. नेजिया माईकपाशी गेली. तिनं कागद उलगडला. लोकांना लगेच उमगलं की हे उत्तर आहे, आणि ते खूश झाले, अशी जुगलबंदी हल्ली ऐकायला कुठे मिळते. मी मात्र अम्मारकडे बघत होतो. ती पायऱ्या उतरली तशी त्याची मान हळूहळू खाली आली. तिनं कडी लावली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मग तिनं माझ्या ओळी वाचल्या.

*गल्लीच्या टोकास रिते घर, त्याच्या दारी आलो मी,*
*कुणी न तेथे, अंधाराची शाल अंगभर ल्यालो मी.*

टाळ्यांनी घुमट दणाणला. मी पुढचं नाव पुकारायला उठलो, तर अम्मार माझ्या शेजारी उभा होता. इतक्या जवळ की त्याच्या झग्याची ओली लोकर माझ्या हाताला लागली.

"तिथं खरंच कुणी नाही?" त्यानं विचारलं. हळू आवाजात, पत्ता विचारावा तसं.

मी म्हणालो, "नाही... वीस वर्षं नाही."

"तुम्ही सांगताय म्हणजे नसेल," तो म्हणाला. कविता न म्हणताच तो निघून गेला. सात वाजले होते.

आम्ही दोघं धावतच नेजियाच्या घरी गेलो. खाल्ती हलूमानं मान पुन्हा खिडकीकडे वळवली होती. श्वास शांत चालला होता. नेजियानं चमच्यानं सूप पाजलं, ते तिनं गिळलं. नेजिया पलंगाच्या कडेला बसून रडली. मी घरी जाऊन कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवारी सकाळी जिरीबींच्या घरासमोर गर्दी जमली. मी लांबून पाहिलं आणि गर्दीत शिरलो.

आत दोन बाया सापडल्या. मबरूका आणि तिची धाकटी बहीण शादलिया. ऑलिव्हच्या तोडणीसाठी डोंगरापलीकडच्या खेड्यातून आल्या होत्या. उचलून नेताना चादरीबाहेर त्यांच्या टाचा दिसल्या, अनवाणी चालून भेगाळलेल्या. ज्यांच्याकडे राहायची सोय झाली होती ती ऐनवेळी फिसकटली, म्हणून जुन्या दुरुस्तीपासून किल्ली जवळ राहिलेल्या कुणा गवंड्यानं दया येऊन त्यांना त्या घराची किल्ली दिली होती. बुधवारीच दिली होती. गल्लीत कुणालाही पत्ता नव्हता. गुरुवारी थंडी म्हणून त्यांनी खोलीत कोळशाची शेगडी पेटवली आणि खिडकी लावून घेतली. धूर दिसत नाही, वास येत नाही, झोपेतच माणूस जातं. आमच्याकडे दर हिवाळ्यात असं कुठे ना कुठे होतंच. डॉक्टरांनी तेच लिहिलं, पोलिसांनीही तेच लिहिलं. दार आतून बंद होतं. शेगडी तेवढी उलटलेली होती आणि कोळशाची भुकटी उंबऱ्यापर्यंत पसरली होती. तडफडताना लाथ लागली असेल, असं सगळे म्हणाले.

मी त्यांच्या गावी मातीला गेलो. मबरूकाचा नवरा मला ओळखत नव्हता, तरी गळ्यात पडून रडला. इतक्या लांबून आलात म्हणाला, अल्ला तुमचं भलं करो. मी त्याला काय सांगणार होतो? की तुझ्या बायकोचा पत्ता मी दिला? तिथं खरंच कुणी नाही का, असं अम्मारनं मला विचारलं होतं, आणि मी एवढ्या खात्रीनं सांगितलं. एकतीस वर्षं घरोघर फिरलो, पण त्या घरात दिवा आहे की नाही हे त्या एका आठवड्यात चार पावलं चालून बघितलं नाही.

कवितेची संध्याकाळ बंद झाली. मेहरेझ येऊन भांडला, मग तोही यायचा थांबला. अम्मार गावात पुन्हा कुणाला दिसला नाही. नेजियाकडे जायचं मी टाळत होतो. तिला बघितलं की ते दोन जनाजे डोळ्यांपुढे यायचे, आणि तिलाही तसंच होत असणार. कानावर एवढंच यायचं, की खाल्ती हलूमाची तब्येत सुधारली आहे, दोन्ही वेळा जेवते, गालांवर रंग आला आहे.

जानेवारीच्या अखेरीस, एका शुक्रवारी सकाळी, नेजियाचा फोन आला. ताबडतोब या एवढंच म्हणाली. मी गेलो. ती अर्धी झाली होती, डोळे आत गेलेले. जिन्यावरून जाताना मी सवयीनं सहावी पायरी टाळली. वर विजेचा हीटर चालू होता, त्या घरात कोळशाची शेगडी कधीच नव्हती. खाल्ती हलूमा उशीवर टेकून होती. तोंड गोल झालेलं, कातडी तुकतुकीत. मला बघून ती किंचित हसल्यासारखी वाटली.

"तुम्ही बघा, सी लझहर," नेजिया कुजबुजली. "मलाच भास होतोय का सांगा..."

तिनं आईच्या पायांवरची चादर वर केली.

तळवे काळे होते. मळकट नव्हे, काळे. बोटांच्या बेचक्यांत कोळशाची भुकटी बसलेली.

"काल संध्याकाळी धुतले होते," नेजिया म्हणाली. "दर गुरुवारी झोपण्यापूर्वी धुते मी... आणि दर शुक्रवारी..." तिनं पितळी पातेल्यात फडकं बुडवलं, माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी खाली वाकून एक पाय हातात घेतला. दोन वर्षं ही बाई अंथरुणावर होती, तिचे पाय जमिनीला लागले नव्हते. अशा माणसाचे तळवे लहान बाळासारखे मऊ होतात, माझ्या वडिलांचे झाले होते. पातेल्यातलं पाणी काळं होत गेलं आणि टाच उघडी पडली. टाच दगडासारखी कडक होती. तिच्यावर खोल भेगा होत्या, आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या बाईच्या टाचेला असतात तशा, आणि त्यातली एक भेग ताजी होती. तिच्यातून अजून रक्त येत होतं.